वरून येणारा आवाज

माणसाला कशाचा तरी गर्व असतोच. कुणाला जमिनीचा, कुणाला पोरांच्या मार्कांचा. मला कानाचा होता. 'होता' असं लिहिताना हात आखडतो, पण लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो.

लातूरला आमचं भांड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. वडिलांनी मला तराजूच्या आधी टिचकी शिकवली. तांब्या हातात घ्यायचा, पोटावर नखाने टिचकी मारायची आणि आवाज पुरता विरेपर्यंत थांबायचं. चांगलं भांडं गुणगुणत विरतं. बारीक चीर असलेलं आवाज मधेच गिळून टाकतं. लग्नाचं आंदण घ्यायला गिऱ्हाईक आलं की एकेक भांडं असं त्याच्यासमोर वाजवून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. स्टीलच्या डब्याला तिची काही गरज नसते, हे मलाही कळतं. तरी मी डब्यालाही टिचकी मारतो.

या कानाची कदर करणारा माणूस मला नांदेडला भेटला. तिथे कॉलेजला होतो, हॉस्टेलमध्ये एकाच खोलीत राहायचो. सिनेमाला गेलो की तो पडद्याकडे बघायचा आणि मी डोळे मिटून बसायचो. बाहेर आल्यावर मी सांगायचो, डावीकडचा मागचा भोंगा फाटलाय, किंवा गाडी उजवीकडून गेली पण आवाज मधूनच गेला. तो पुन्हा तिकीट काढून खात्री करून यायचा आणि म्हणायचा, "यार, तुझ्या कानाला तोड न्हाई." घरच्यांनी असं कधी म्हटलं नाही. बायकोच्या मते मला हाक मारलेली ऐकू येत नाही. त्यामुळे गर्व माझा असला तरी त्याला साक्षीदार तो एकटाच होता. पुढे त्याने नांदेडलाच टीव्ही आणि होम थिएटरचं दुकान टाकलं, मी लातूरला गल्ल्यावर बसलो, पण दोस्ती तशीच राहिली.

घर नव्याने बांधलं तेव्हा खालच्या हॉलमध्ये चांगली सिस्टीम बसवायची हे माझं ठरलेलंच होतं. कोणती बसवायची, यावर आमची फोनाफोनी सुरू झाली. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुना प्रकार पाच पॉइंट एक. समोर तीन स्पीकर, दोन बाजूंना दोन, आणि जमिनीवर ठेवायचा एक दणदणणारा डबा, तो पॉइंटनंतरचा एक. सात पॉइंट एक म्हणजे पाठीमागे आणखी दोन. या दोन्हींत कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून यायचा, हे सिनेमा बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. पंगतीत पाट मांडलेले आणि प्रत्येक पाहुण्याची जागा ठरलेली, तसं. मग नवे प्रकार आले, छतातल्या स्पीकरचे. त्यात आवाजाबरोबर फक्त निरोप येतो, की या पाहुण्याला वर, उजव्या अंगाला बसवा. तुमच्या घरात कुठे कुठे पाट मांडलेत ते मशीनला सांगून ठेवायचं, ते त्याप्रमाणे बसवतं. वर पाट नाही असं सांगितलं असेल तर खालीच बाजूला सोय करतं, पाहुणा उपाशी जात नाही.

हे नवे प्रकार दोन कंपन्यांचे. नावं घेऊन मला कुणाची जाहिरात करायची नाही. आम्ही फोनवर एकीला थोरली म्हणायचो आणि दुसरीला धाकटी. थोरली सगळीकडे पोचलेली, इंटरनेटवरच्या सिनेमांतही तीच, पण तिथून येताना आवाज दाबून पाठवतात, बिचारी सुकून येते. धाकटी भेटायची ती बहुतेक डिस्कवरच, पण भरल्या अंगाने. त्याचं मत थोरलीकडे, माझं धाकटीकडे. यावरून आम्ही इतके भांडायचो की बायको म्हणाली, "एकेकीशी लगीन लावून टाका, कटकट तरी मिटंल." शेवटी दोन्ही वाजवणारं मशीन घ्यायचं ठरलं, आणि छतात दोन स्पीकर.

अडचण एकच होती. हॉलच्या बरोब्बर वर आव्वाची खोली. आव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर उदगीरकडचं, कानडी सीमेजवळचं, त्यामुळे आमच्या घरात आई ती आव्वाच. सकाळ-संध्याकाळ ती लिंगपूजेला बसते. इष्टलिंग तळहातावर, नजर त्यावर, पाठ ताठ. तेवढा वेळ घरात कुणी मिक्सरसुद्धा लावत नाही. छतात स्पीकर बसणार हे कळल्यावर ती म्हणाली, "भिंतीला काय लावायचं ते लाव. माझ्या बसायच्या जागंखाली भोंगा नको. हातात देव आन बुडाखाली ढोल, हे मला चालायचं न्हाई."

मीही हट्टाला पेटलो. पूजेच्या वेळी लावणार नाही म्हणालो, शपथ घेतो म्हणालो. तिने ऐकलं नाही. घरात अबोला धरला गेला. मग नांदेडहून मित्र सामान घेऊन आला. आधी वर गेला, आव्वाच्या पाया पडला, बराच वेळ तिच्याजवळ बसला. खाली आला तो हसत. "मावशी तयार हायेत," तो म्हणाला. "तू फक्त आता मधी बोलू नको." मी त्याला मिठीच मारली. जे मला पोटच्या पोराला जमलं नव्हतं, ते त्याने करून दाखवलं असं मला वाटलं.

छतात दोन गोल जाळ्या बसल्या. सगळं बसवून झाल्यावर त्याने मला दुकानात पिटाळलं. खोलीचं माप घ्यायचंय, मधोमध माइक लावलाय, कुणी हाललं तरी माप चुकतं, म्हणाला. संध्याकाळी परत आलो तर सगळं तयार. "सेटिंगला हात लावू नकोस," त्याने बजावलं. "तुझ्या कानाच्या हिशेबानं बसवलंय." मशीनच्या तोंडावर थोरलीच्या नावाची अक्षरं निळी निळी उमटलेली होती. ती बघून मला जो आनंद झाला, तो आता आठवला तरी संताप येतो.

तो नांदेडला परत गेला आणि मी पहिला सिनेमा लावला. दक्षिणेकडचा होता, हिंदीत केलेला. त्यात नायक एका पडीक विहिरीत उतरतो. आमच्या भागातल्या विहिरींत पारवे घर करून असतातच, पोहरा सोडला की फडफडत वर येतात. तसेच ते सिनेमातही आले. खालून उठले, दोन्ही कानांजवळून गेले आणि माझ्या डोक्यावरून छतापाशी जाऊन विरले. मी ऐकलं. आजही कुणी मला शपथेवर विचारलं तर मी म्हणेन की मी ऐकलं. लगेच त्याला फोन लावला. "अरे, पारवे डोक्यावरून गेले!" पलीकडून आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "मग? सांगितलं न्हवतं का तुला?" त्याला भरून आलं असेल, असं मी समजलो.

त्यानंतरच्या काही वर्षांत घरी येणारा एकही पाहुणा विहिरीतून सुटला नाही. जावई आले, व्याही आले, शेजारच्या सराफ दुकानाचे मालक आले. सगळ्यांना मी सोफ्याच्या मधल्या जागेवर बसवायचो आणि ऐन वेळी बोट वर करायचो. पारवे गेले की नायक एकदम वर बघतो आणि बघतच राहतो. तेव्हा आवाज काहीच नाही. ही जागा मी खास समजावून सांगायचो. "एवढी फडफड करून एकदम कशी शांतता ठेवलीय बघा. याला धाडस लागतं." पाहुणे माना डोलवायचे. बायको चहाचे कप उचलून आत निघून जायची.

यंदा लग्नसराईत शिरूर अनंतपाळचे एक गृहस्थ मुलीचं आंदण घ्यायला आले. बायकामंडळी डबे निवडत होत्या, ते माझ्यासमोर बसून मी वाजवतो ती भांडी बघत होते. बोलता बोलता म्हणाले, "भांड्याचं ठीक हाय, पर जावायाला ती आवाजाची सिस्टीम पायजे. नांदेडजवळच्या उमरीचं स्थळ हाय, तवा नांदेडलाच जाऊन घेतली." मी कान टवकारले. छतातली घेतली की साधी, असं विचारलं.

ते हसायला लागले. "छतातलीच घेणार व्हतो. पर दुकानदार इमानदार निघाला. म्हनला, मामा, कशाला छतात खर्च करताव? त्यानं एक किस्सा सांगितला बघा. लातुरात त्येचा एक दोस्त हाय म्हनं, कानाचा लई मोठा कलाकार. त्येच्या छतात ह्यानं नुसते स्पीकर बसविले, वायरच जोडली न्हाई. आन त्यो गडी कवापासून पावण्याला बसवून सांगतो, बघा, वरून कसा आवाज येतो!"

मी हसलो. मनापासून हसलो. असा येडा आपल्या गावात कोण असेल म्हणून मनातल्या मनात ओळखीच्या माणसांवरून नजरसुद्धा फिरवली. मग ते म्हणाले, "त्येचं बी भांड्याचंच दुकान हाय म्हनं. तुमी वळखत असाल."

माझ्या हातात कळशी होती. ती मी खाली ठेवली. "असंल कुणीतरी," मी म्हणालो. "लातुरात भांड्याची दुकानं थोडी हायेत का?" उरलेली भांडी मी न वाजवताच बांधून दिली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

दुपारी दुकान नोकरांवर सोपवून घरी आलो. मशीनमध्ये एक सोय असते, प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने नुसती खरखर सोडून बघायची. इतकी वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो, कारण हात लावू नको असं मला सांगितलेलं होतं आणि सांगणारा तो होता. समोरचा डावा खरखरला. मधला, समोरचा उजवा, बाजूचे दोन्ही, सगळे क्रमाने खरखरले. मग टीव्हीवर वरच्या डाव्याचं चित्र लुकलुकायला लागलं, आणि हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. वरचा उजवा. तेव्हाही पंखाच.

स्टूल घेऊन चढलो आणि जाळी ओढली. आत स्पीकर होता, चांगला, नवाकोरा. त्याच्या मागे वायरचं वेटोळं नीट गुंडाळून काळ्या टेपने बांधलेलं होतं. विसरून राहिलेलं काम असं दिसत नाही. हे कुणीतरी शांतपणे, वेळ घेऊन केलेलं होतं.

बायको पिठाच्या हाताने बाहेर आली. "हे जोडलेलेच नाहीत," मी स्टुलावरून म्हणालो.

"हाव," ती म्हणाली. "मग?"

"तुला माहीत होतं?"

"म्हंजे तुमाला न्हवतं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने सांगितलं. भाऊजींनी, म्हणजे माझ्या मित्राने, आत्याबाईंना, म्हणजे आव्वाला शब्द दिला होता, की तुमच्या मुलाच्या समाधानासाठी स्पीकर बसवतो, पण जोडत नाही, तुमच्या पूजेखाली आवाज होणार नाही. त्याला मी सावकाश समजावून सांगतो. "मला वाटलं, त्यांनी सांगितलंय. पावण्यापुढं तुमी उगंच मोठेपना करताव, म्हनून मी आपली गप बसायची."

म्हणजे इतकी वर्षं माझ्या बायकोच्या लेखी मी खोटारडा होतो, आणि तिने ते मुकाट्याने पदरात घेतलं होतं. तिच्यावर काय रागावणार? तणतणत वर आव्वाकडे गेलो. ती जपाची माळ खाली न ठेवता म्हणाली, "देवापुढं शब्द दिला आन पाळला त्यानं. तू तेवढा शब्दाचा असतास तर त्येला कशाला मधी पडावं लागलं असतं?" मी आल्या पावली खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नांदेडला गेलो. वाटेत मी त्याची बाजू मनात मांडून पाहिली. आव्वाला शब्द दिला, मला दुखवायचं नव्हतं, सांगायचं राहून गेलं. इथवर मी त्याला माफ करत आणलं होतं. आपल्या माणसाचं आपण असं करतोच.

तो दुकानात आतल्या खोलीत होता, भिंतींना गालिचे लावलेल्या, गिऱ्हाइकाला ऐकवायच्या खोलीत. मला बघून उठला. "अरे, फोन तरी करायचा! बस की, चहा सांगतो." मी उभ्यानेच सांगितलं, की जाळी काढून बघितली. तो खुर्चीत बसला. मग त्याने अगदी तेच सांगितलं जे मी बसमध्ये त्याच्या वतीने म्हणून पाहिलं होतं. "दोन्हीकडचं राखलं यार मी. मावशीबी खुश, तूबी खुश. सांगायचं ठरवलं व्हतं, पण पारव्याचा तुझा फोन आला. इतका खुश व्हतास तू. कोणत्या तोंडानं सांगू?"

मला विचारायचं ते वेगळं होतं. "वरचे स्पीकर नाहीत असं मशीनला सांगितलं असतं, तर वरचे आवाज बाजूच्या स्पीकरमधून आले असते. तू 'आहेत' असं का ठेवलंस?"

तो चाचरला. "तसं न्हाई केलं तर मशीनवर ती अक्षरं येत न्हाईत. अक्षरं न्हाई दिसली की तुला शंका आली असती."

"मग वरचा आवाज जायचा कुठं?"

"जायचा वाऱ्यावर," तो म्हणाला. "कशाला टेन्शन घेऊन राहिलास? कितीसा आवाज असतोय वर!"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. निळी अक्षरं पेटती राहावीत म्हणून त्याने माझ्या घरातला खरा आवाज फेकून दिला होता. साधा पाच पॉइंट एकवाला कुणीही माझ्यापेक्षा जास्त ऐकत होता. आणि हा माणूस आयुष्यभर माझ्याशी एकेका आवाजासाठी भांडला होता.

"आणि गिऱ्हाइकांना सांगतोस तो किस्सा?"

आता त्याने मान खाली घातली. "नाव न्हाई घेतलं कधी तुझं."

"भांड्याचं दुकान सांगितलंस."

"ते सांगावंच लागतंय यार. साध्या माणसाचं सांगितलं तर लोक म्हणतात, त्याला काय कळतंय. टिचकीवर भांडं ओळखणारा माणूस, त्यालासुद्धा कळलं न्हाई, असं म्हटलं की लगेच पटतंय." हे तो माझी तारीफ केल्यासारखं म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की ही तारीफ आहे.

मी विचारलं, "आणि कॉलेजात म्हणायचास ते? कानाला तोड न्हाई?"

"ते वेगळं," तो म्हणाला. पण त्याआधी त्याने समोर आलेल्या चहाचा कप उचलला आणि बोलला तो कपात बघत. उद्याच येतो, वायर जोडून देतो, मावशीला मी बघतो, असंही तो म्हणत होता. आव्वाला दिलेला शब्द मोडू नको, एवढं बोलून मी निघालो. परतीच्या गाडीत मला त्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. फसवणारा तो आणि लाज मला, हा कुठला न्याय ते मला अजून कळलेलं नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, पूजेला अवकाश होता. मशीन लावलं आणि सेटिंगमध्ये जाऊन स्वतः लिहिलं, वरचे स्पीकर नाहीत. निळी अक्षरं गेली. विहिरीचा प्रसंग लावला. पारवे उठले, डाव्या-उजव्या बाजूने गेले. नायकाने वर बघितलं.

आणि एका पोरीची हाक आली. "भैया!" विहिरीच्या काठावरून, वरून मारलेली. कुणी ओ दिली नाही म्हणून मग दुसरी, जरा घाबरलेली, विहिरीच्या दगडांवर घुमत बारीक होत गेलेली. नायक तिच्याकडे बघत होता. मी ज्या जागेला धाडस म्हणत होतो, तिथे एक बहीण भावाला हाका मारत होती. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोन बोलवायलंय?"

तेवढ्यात नांदेडहून मित्राचा फोन आला. उचलावा की नाही असं झालं, पण उचलला. "सेटिंग बदललंस का?" त्याने विचारलं. "मला वाटलंच व्हतं. काय फरक कळला का?"

हाक माझ्या ओठांपर्यंत आली होती. दुसऱ्या हाकेतलं ते घाबरणं, दगडांवरून उतरत जाणारा तिचा सूर. जगात एकाच माणसाला सांगण्यासारखी गोष्ट होती, आणि तो माणूस फोनवर होता.

"न्हाई," मी म्हणालो. "काहीच फरक न्हाई."

"बघ," तो म्हणाला आणि सुटल्यासारखा हसला. "मी म्हटलं न्हवतं?"